इमाम शाफिई यांचा घुमट आणि भोवतीचे कबरस्तान : एक प्रकरण अभ्यास

कैरो शहराच्या दक्षिण भागात, मुकत्तम टेकडीच्या पायथ्याशी पसरलेल्या करफा नावाच्या प्राचीन कबरस्तानात सुन्नी धर्मशास्त्रातील शाफिई परंपरेचे प्रवर्तक इमाम मुहम्मद इब्न इद्रीस शाफिई यांचा मकबरा उभा आहे. इ.स. १२११ मध्ये उभारलेल्या या वास्तूचे जतनकाम २०१६ पासून सुमारे पाच वर्षे चालले आणि एप्रिल २०२१ मध्ये ती लोकांसाठी पुन्हा खुली झाली. ज्या वर्षांत घुमटाच्या लाकडाची आणि भिंतींच्या दगडाची इतक्या निगुतीने डागडुजी होत होती, त्याच वर्षांत कैरोच्या ऐतिहासिक कबरस्तानांतून रुंद रस्ते आणि उड्डाणपूल नेण्याचे काम सुरू झाले आणि अनेक जुन्या कबरींवर हातोडा पडला. एक वास्तू उत्तम रीतीने वाचवली जाते आणि ज्या परिसरामुळे तिला अर्थ आहे तो परिसर मात्र खचत जातो, ही परिस्थिती या प्रकरणाचा विषय आहे. वारसावास्तूची हद्द तिच्या भिंतीपाशी संपते असे मानणे किती तोकडे आहे, हे या एका उदाहरणावरून जितके स्पष्ट होते तितके क्वचितच अन्यत्र होत असेल, असे माझे मत आहे.

कबरीतील विद्वान

इमाम शाफिई यांचा जन्म हिजरी १५० मध्ये, म्हणजे इ.स. ७६७ मध्ये, बहुतेक चरित्रकारांच्या मते गाझा येथे झाला. वडील लवकर वारल्यामुळे आईने त्यांना मक्केत वाढवले आणि हलाखीतही शिक्षण थांबू दिले नाही. पुढे मदिनेत ते इमाम मालिक यांचे शिष्य झाले आणि बगदादमध्ये त्यांनी इमाम अबू हनीफा यांचे शिष्य मुहम्मद शैबानी यांच्याकडे अध्ययन केले. त्या काळच्या धर्मशास्त्रात दोन प्रवाह होते. मदिनेची मंडळी पैगंबरांच्या नगरीत चालत आलेल्या आचाराला प्रमाण मानत, तर इराकची मंडळी तर्काला आणि मताला अधिक वाव देत. दोन्ही परंपरा आतून पाहिलेल्या शाफिईंनी प्रमाणांची एक उतरंड घालून दिली. आधी कुराण, मग विश्वसनीय परंपरेने पोहोचलेली पैगंबरांची सुन्ना, म्हणजे त्यांचे आचरण आणि वचने, त्यानंतर समाजाचे एकमत आणि शेवटी सादृश्यावरून काढलेला निष्कर्ष, असा तो क्रम होता. ‘रिसाला’ या ग्रंथात त्यांनी ही मांडणी केली. नियम कोणता, याच्याही आधी नियम काढायचा कसा, हा प्रश्न विचारणारा या विषयातला तो पायाभूत ग्रंथ मानला जातो.

आयुष्याची शेवटची पाच-सहा वर्षे त्यांनी इजिप्तमध्ये, आजच्या जुन्या कैरोच्या भागात वसलेल्या फुस्तात या नगरीत काढली. इराकमध्ये असताना दिलेली आपली अनेक मते त्यांनी इथे पुन्हा तपासली आणि बदलली. त्यामुळे शाफिई परंपरेत आजही त्यांचे ‘जुने मत’ आणि ‘नवे मत’ असा भेद केला जातो आणि काही मोजके अपवाद वगळता नवे मत ग्राह्य धरले जाते. थोर पदाला पोहोचलेला आचार्य आपलेच निर्णय नव्याने पारखतो आणि त्याचे अनुयायी तो बदल लपवून न ठेवता जपतात, ही गोष्ट मला त्यांच्या चरित्रातील सर्वांत मोलाची वाटते. हिजरी २०४ मध्ये, इ.स. ८२० च्या जानेवारीत, फुस्तातमध्येच त्यांचे निधन झाले.

महाराष्ट्राच्या वाचकाला हे नाव दूरचे वाटण्याचे कारण नाही. उत्तर भारतातील आणि दख्खनच्या पठारावरील बहुसंख्य सुन्नी मुसलमान हनफी, म्हणजे अबू हनीफांच्या, परंपरेचे आहेत, परंतु कोकणी मुसलमान, भटकळचे नवायत आणि मलबारचे मापिल्ला शाफिई आहेत, कारण त्यांच्याकडे इस्लाम मुख्यतः अरबी समुद्रावरील व्यापाराच्या वाटेने आला. श्रीलंका, इंडोनेशिया, मलेशिया आणि पूर्व आफ्रिकेचा किनारा हेही याच परंपरेचे प्रदेश आहेत. मुंबईत नमाजाच्या वेळापत्रकात असरच्या, म्हणजे दुपारनंतरच्या नमाजाच्या दोन वेळा छापलेल्या असतात आणि त्यांतील आधीची वेळ शाफिई मताची असते. वस्तूची सावली, मध्यान्हीची सावली वजा जाता, वस्तूच्या उंचीइतकी झाली की शाफिई मतानुसार असरची वेळ सुरू होते, तर हनफी मतानुसार ती दुप्पट व्हावी लागते. माहीमच्या दर्ग्यात ज्यांची कबर आहे ते मखदूम अली माहिमी, ज्यांनी पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंतच्या आपल्या आयुष्यात कुराणावर अरबी भाष्य लिहिले, तेही शाफिई परंपरेचेच विद्वान होते. कैरोतील घुमटाखाली विसावलेल्या माणसाने घालून दिलेली रीत रत्नागिरी-रायगडच्या खेड्यांत रोज पाळली जाते.

साध्या कबरीचा मकबरा कसा झाला

शाफिईंना फुस्तातमधील अब्दुल हकम या प्रतिष्ठित घराण्याच्या कबरींच्या जागेत दफन करण्यात आले. या घराण्याने इजिप्तमध्ये त्यांना आधार दिला होता. सुरुवातीला ती इतरांसारखीच साधी कबर असणार. त्यांचे स्वतःचे मतही तसेच होते. ‘किताबुल उम्म’ या आपल्या ग्रंथात त्यांनी लिहून ठेवले आहे की कबर जमिनीपासून वीतभर उंच असावी, तिच्यावर बांधकाम नसावे आणि तिला गिलावाही केलेला नसावा, कारण त्यात शोभेचा आणि मिरवण्याचा भाग येतो. मक्केत कबरींवरची बांधकामे अधिकाऱ्यांनी पाडली तेव्हा तिथल्या धर्मशास्त्रज्ञांनी त्याला दोष दिलेला आपण पाहिला नाही, असेही ते नोंदवतात. त्यांच्याच कबरीवर पुढे इजिप्तमधील एक सर्वांत भव्य घुमट उभा राहिला, ही विसंगती अभ्यासकाने झाकून ठेवू नये. आचार्याचे वचन आणि त्याच्यावरची लोकांची भक्ती यांत जेव्हा अंतर पडते, तेव्हा वास्तू कोणाच्या इच्छेने उभी राहते, हे या मकबऱ्याच्या इतिहासावरून नेमके कळते.

इ.स. ९६९ पासून ११७१ पर्यंत इजिप्तवर फातिमी खलिफांची सत्ता होती आणि ते शिया इस्माइली पंथाचे होते. त्या काळातही शाफिईंच्या कबरीला लोक भेट देत राहिले. सेल्जुक साम्राज्याचा वजीर निजामुल मुल्क याने त्यांचा देह बगदादला नेऊन आपल्या मदरशात ठेवण्याचा घाट घातला होता आणि कबर उकरताच आतून असा सुगंध आला की काम करणाऱ्यांचे हात थांबले, अशी आख्यायिका सांगितली जाते. आख्यायिका बाजूला ठेवली तरी एक गोष्ट उरते. ही कबर आपल्याकडे असावी असे दूरच्या राज्यकर्त्यांना वाटावे, इतके तिचे महत्त्व कोणताही घुमट नसतानाच प्रस्थापित झालेले होते. त्यामुळे राजसत्तेने इथे श्रद्धा निर्माण केली असे म्हणणे चुकीचे ठरेल. सत्ता नंतर आली आणि असलेल्या श्रद्धेशेजारी येऊन बसली.

सलाहुद्दीनने ११७१ मध्ये फातिमी खिलाफत संपवली तेव्हा सुन्नी शिक्षणाची पुनर्स्थापना हे त्याच्या राज्यकारभाराचे एक मुख्य उद्दिष्ट होते आणि त्यासाठी त्याने शाफिईंच्या कबरीची जागा निवडली. कबरीला लागून त्याने मोठा मदरसा उभारला. ११८३ मध्ये इजिप्तमधून गेलेला अंदलुसी प्रवासी इब्न जुबैर या मदरशाविषयी लिहिताना म्हणतो की त्याच्या विस्तारामुळे तो स्वतंत्र नगरासारखा वाटतो. हा मदरसा आज नाही. अठराव्या शतकात त्याच्या जागी मशीद आली आणि सध्याची मशीद इजिप्तचा शासक खेदिव तौफीक याच्या कारकिर्दीत, १८९२ च्या सुमारास, बांधलेली आहे.

सलाहुद्दीनच्या काळातील जी एक वस्तू शिल्लक आहे ती मात्र पूर्ण वास्तूच्या तोलाची आहे. कबरीवर ठेवलेला हा लाकडी ताबूत, म्हणजे कबरीची जागा दाखवणारी पेटीसारखी रचना, हिजरी ५७४ चा, म्हणजे इ.स. ११७८-७९ चा आहे. तो घडवणाऱ्या उबैद नावाच्या सुताराने, ज्याला इब्न मआली म्हणत, त्यावर आपले नाव कोरून ठेवले आहे. बाराव्या शतकातील कारागिराचे नाव त्याच्या कामावर सापडणे ही दुर्मीळ गोष्ट आहे. हा ताबूत सागवानी आहे. साग इजिप्तमध्ये उगवत नाही. तो हिंदी महासागराच्या पलीकडून, जहाजांतून तांबड्या समुद्रात आणि तिथून नाईलच्या खोऱ्यात येत असे, त्यामुळे असे लाकूड मोजक्याच कामांसाठी परवडणारे होते. ताबुताच्या बाजूंवर लहान लहान भौमितिक फळ्या एकमेकींत सांधल्या आहेत. प्रत्येक फळीवर वेलबुट्टीचे खोल खोदकाम आहे आणि दोन फळ्यांच्या मधल्या पट्ट्याही कोऱ्या सोडलेल्या नाहीत. अशी रचना केवळ शोभेसाठी नसते. कैरोच्या कोरड्या हवेत रुंद, अखंड फळी आकसते आणि तडकते, तर लहान तुकडे खाचेत बसवले की प्रत्येकाला हलायला किंचित जागा मिळते आणि पूर्ण ताबूत शाबूत राहतो. लेखही पाहण्यासारखे आहेत. कोनदार कूफी आणि वळणदार नस्ख अशा दोन्ही लिप्या एकाच ताबुतावर नांदतात आणि इमारतींवरील लेखांत कूफी मागे पडून नस्ख पुढे येण्याचा संक्रमणकाळ नेमका तोच आहे. शाफिईंची वंशावळ, जन्माचे वर्ष आणि निधनाचा दिवस त्या अक्षरांत नोंदलेला आहे.

घुमट बांधला तो सलाहुद्दीनचा पुतण्या अल-कामिल याने, हिजरी ६०८ मध्ये, म्हणजे इ.स. १२११ मध्ये. तेव्हा तो वडिलांच्या वतीने इजिप्तचा कारभार पाहत होता आणि सुलतान व्हायला अजून काही वर्षे होती. त्याच्या आईला याच ठिकाणी, इमामांच्या सान्निध्यात दफन करण्यात आले होते, त्यामुळे ही वास्तू एका विद्वानाचे स्मारक आहे तशीच एका मुलाने आईच्या कबरीवर धरलेली सावलीही आहे. पाण्याची वानवा असलेल्या या भागापर्यंत त्याने पाटाने पाणी आणले. थोर माणसाच्या कबरीभोवती आपली कबर असावी, या इच्छेने पुढच्या शतकांत इथे जी दाटी झाली, तिची सुरुवात राजघराण्याने केली, ही बाब प्रकरणाच्या उत्तरार्धासाठी लक्षात ठेवावी लागेल.

घुमट आणि नाव

आत शिरल्यावर पहिल्यांदा जाणवतो तो विस्तार. आतील चौरसाची प्रत्येक बाजू सुमारे १५ मीटर आहे आणि मध्ये एकही खांब नाही. भिंती इतक्या जाड आहेत की मुळात दगडी घुमटाचा विचार असावा, असा तर्क काही अभ्यासकांनी केला आहे. प्रत्यक्षात घुमट लाकडी आहे आणि त्याला दोन कवच आहेत. आतले कवच रंगवलेले आहे, बाहेरच्या कवचावर शिशाचे पत्रे बसवलेले आहेत आणि मधल्या पोकळीत लाकडी सांगाडा आहे. कबरींवर विटांचे वा दगडांचे घुमट बांधण्याची जिथे रीत होती, तिथे एवढ्या मोठ्या पल्ल्यासाठी लाकूड निवडणे हा विचारपूर्वक घेतलेला निर्णय दिसतो, कारण लाकडी घुमट हलका असतो आणि भिंतींना बाहेर ढकलत नाही.

घुमटाच्या कळसावर धातूची एक लहान नाव आहे. ती पक्ष्यांसाठी दाणे भरण्यासाठी होती, असे परंपरा सांगते. ज्ञानाचा सागर खाली विसावला आहे म्हणून वर नाव, असाही अर्थ लोकांनी लावला. एका मध्ययुगीन अरबी कवीने म्हटले आहे की या कबरीतून ज्ञानाचा पूर आला आणि नूह यांची नौका जशी जूदी पर्वतावर टेकली तशी ही नाव या घुमटावर येऊन थांबली. दाण्यांची सोय आणि ज्ञानाचे रूपक यांपैकी एकच अर्थ खरा मानण्याची गरज मला वाटत नाही. घुमटावरचे पक्षी आणि घुमटाखालचे विद्यार्थी या दोघांनाही या जागेत आश्रय होता.

१२११ नंतर ही वास्तू तशीच्या तशी कधीच राहिली नाही. मामलुक सुलतान कायतबाय याने १४८० च्या सुमारास मोठी दुरुस्ती केली आणि भिंतींच्या खालच्या भागावरचे रंगीत संगमरवरी पट्टे त्या काळाची आठवण देतात. मूळ बांधकामात किब्ल्याच्या, म्हणजे मक्केकडील, भिंतीत नमाजाची दिशा दाखवणारे तीन कोनाडे, म्हणजे मिहराब, आहेत, परंतु त्यांची दिशा मक्केच्या दिशेशी तंतोतंत जुळत नाही. पुढे तिरक्या रेषेत आणखी एक लहान मिहराब बसवण्यात आला. चूक लक्षात आली म्हणून जुने मिहराब कोणी पाडले नाहीत, शेजारी दुरुस्ती करून दिली. १७७२ मध्ये इजिप्तचा तेव्हाचा सत्ताधीश अली बे याने घुमटाच्या लाकडाची आणि शिशाची डागडुजी केली आणि आतील रंगकामाचा बराच भाग त्या वेळचा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून इजिप्तच्या वास्तुजतन समितीनेही इथे काम केले.

जतनकाम : काय ठेवायचे हा प्रश्न

२०१६ ते २०२१ चे काम ‘अथर लीना’ या उपक्रमाने केले. मे अल-इब्राशी या वास्तुरचनाकार-अभ्यासकाने सुरू केलेला हा उपक्रम ‘मेगावरा’ या संस्थेमार्फत कैरोच्या खलीफा भागात अनेक वर्षे काम करत आला आहे. इजिप्तच्या पुरातत्त्व मंत्रालयाच्या देखरेखीखाली आणि सांस्कृतिक वारसा जतनासाठी असलेल्या अमेरिकी राजदूत निधीच्या साहाय्याने हे काम झाले. घुमटाची रचना, भिंतींना गेलेले तडे, दगड, चुन्याचे नक्षीकाम, रंगवलेले लाकूड, संगमरवर, छत आणि प्रकाशयोजना यांचा त्यात समावेश होता. भेट देणाऱ्यांना वास्तूची माहिती मिळावी, याचीही सोय करण्यात आली.

अशा वास्तूवर दोन बाजूंनी हल्ला होतो, वरून आणि खालून. वरचा धोका शिशाच्या स्वभावात आहे. शिसे मऊ आणि जड असते. उन्हाने तापून प्रसरण पावणे आणि रात्री आकसणे हे रोज घडत असल्यामुळे उतारावरचा पत्रा आपल्याच वजनाने कणाकणाने खाली ओढला जातो, सांधे उघडे पडतात आणि खिळ्यांभोवती चिरा पडतात. कैरोत पाऊस थोडा पडतो खरा, पण वर्षातून काही वेळाच आलेले पाणी उघड्या सांध्यातून आत शिरले तरी रंगवलेल्या लाकडाला पुरेसे घातक ठरते. खालचा धोका आपल्याकडच्या जुन्या वाड्यांना जो असतो तोच आहे, म्हणजे भिंतीत चढणारी ओल. जुन्या कैरोत भूजल वर आलेले आहे, त्यात फुटक्या जलवाहिन्यांचे आणि सांडपाण्याचे पाणी मिसळते, आणि सच्छिद्र चुनखडीचा दगड ते शोषून घेतो. पाणी पृष्ठभागावर येऊन उडून जाते आणि मागे राहिलेले क्षार स्फटिक बनून दगडाचा पापुद्रा सोलतात. ज्याला आपण भिंतीला लोणा लागणे म्हणतो, तीच ही क्रिया. संगमरवरी पट्ट्याच्या किंवा सिमेंटच्या गिलाव्याच्या मागे ती होऊ लागली तर बाहेरून काही दिसत नाही आणि नुकसान मात्र वाढत राहते, कारण भिंतीला श्वास घेण्याची वाटच बंद झालेली असते. म्हणून अशा कामात शोभेचे काम हाती घेण्याआधी पाणी कुठून येते याचा शोध लावणे हा पहिला टप्पा असतो. तो टप्पा वगळून केलेली रंगसफेदी म्हणजे पैशाचा अपव्यय होय.

कामाच्या ओघात जमिनीखाली उत्खनन झाले तेव्हा आजच्या मकबऱ्याखाली आधीच्या, फातिमी काळातील, बांधकामाचे अवशेष आढळले. या शोधाचे महत्त्व केवळ पुरातत्त्वाचे नाही. सुन्नी आचार्याच्या कबरीचे स्मारक सलाहुद्दीनच्या घराण्याच्या, म्हणजे अय्युबी, राजवटीनेच पहिल्यांदा उभारले, अशी जी सोपी कथा सांगितली जात असे, तिला या अवशेषांनी तडा दिला. शिया राजवटीच्या काळातही ही जागा सन्मानाची होती, हे आता जमिनीतूनच सिद्ध झाले आहे.

इथे जतनशास्त्रातला अवघड प्रश्न उभा राहतो. आठ शतकांचे थर असलेल्या वास्तूत कोणता थर ‘खरा’ मानायचा? १२११ ची मूळ वास्तू दाखवायची म्हणून अठराव्या शतकातील रंग खरवडून काढले असते, तर कदाचित खाली काही सापडले असते, कदाचित काहीच नसते, आणि अली बेच्या कारागिरांचे काम मात्र कायमचे गेले असते. आज घुमटाखाली उभे राहणाऱ्याला सलाहुद्दीनचा ताबूत, अल-कामिलच्या भिंती, कायतबायचा संगमरवर आणि अठराव्या शतकातील रंग एकाच नजरेत दिसतात. माझ्या मते हाच निर्णय योग्य आहे. ज्या आचार्याच्या परंपरेने जुने मत आणि नवे मत शेजारी ठेवून जपले, त्याच्या मकबऱ्याला हीच पद्धत शोभते.

इमामांना लिहिलेली पत्रे

हा मकबरा कधीही केवळ पाहण्याची वास्तू नव्हता. शाबान या हिजरी महिन्यात इमामांचा मौलिद, म्हणजे जयंतीचा उत्सव, भरत आला आहे आणि एरवीही लोक कबरीभोवतीच्या जाळीला हात लावून दुआ मागतात. इथली सर्वांत विलक्षण रीत मात्र पत्रांची आहे. इजिप्तमधील सामान्य माणसे इमाम शाफिईंना पत्र लिहितात. काही जण ते स्वतः जाळीतून आत सरकवतात, तर काही जण टपालाने पाठवतात. सय्यद उवैस या इजिप्शियन समाजशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात आलेल्या दीडशेहून अधिक पत्रांचा अभ्यास केला आणि तो १९६५ मध्ये प्रसिद्ध केला. अकराशेहून अधिक वर्षांपूर्वी वारलेल्या माणसाच्या नावे टपाल येते, ही गोष्ट त्यांनी थट्टेवारी न नेता गांभीर्याने वाचली, याबद्दल त्यांचे ऋण मानले पाहिजे.

या पत्रांत अन्यायाच्या तक्रारी असतात. कोणाची चोरी झालेली असते, कोणाच्या जमिनीवर भाऊबंदाने कब्जा केलेला असतो, कोणावर वरिष्ठाने खोटा आळ घेतलेला असतो. पत्रलेखक इमामांना काझी मानून फिर्याद मांडतात आणि न्याय मागतात. हयातीत ज्याने न्यायनिर्णयाची शिस्त घालून दिली, तो मृत्यूनंतरही अदृश्य न्यायसभेत बसतो, अशी ही श्रद्धा आहे. धर्मशास्त्राच्या काटेकोर कसोटीवर अनेक आलिम, म्हणजे धर्मपंडित, ही रीत मान्य करणार नाहीत आणि खुद्द शाफिईंनीही ती मान्य केली असती असे वाटत नाही. परंतु जतनाच्या दृष्टीने पाहता, ज्या माणसाला कचेरीत दाद मिळत नाही तो जिथे आपली फिर्याद घेऊन जातो, ती जागा त्याच्यासाठी अभ्यासकाच्या शिलालेखाइतकीच महत्त्वाची आहे. म्हणूनच जतनकामानंतर ही वास्तू तिकीटखिडकीमागचे संग्रहालय न होता भाविकांसाठी खुली राहणे आवश्यक आहे. ताबुताचे लाकूड आणि लोकांचे हात यांच्यात अंतर ठेवण्याची गरज मी नाकारत नाही, पण ते अंतर जाळीइतके असावे.

भोवतीचे कबरस्तान

करफा हे आपल्याकडच्या कबरस्तानासारखे नाही. इथे घराणेवार भिंती घातलेली आवारे असतात, त्यांना होश म्हणतात. आत कबरी, एखादे झाड आणि मौलिदच्या वा ईदच्या दिवशी आलेल्या कुटुंबाने बसावे म्हणून खोल्या असतात. कबरींची राखण करणारी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या इथे राहतात आणि विसाव्या शतकात घरांची टंचाई वाढल्यावर इतरही अनेक जण इथे वस्तीला आले. शाफिईंच्या मकबऱ्याजवळच होश अल-बाशा आहे, जिथे एकोणिसाव्या शतकातील इजिप्तचा शासक मुहम्मद अली पाशा याच्या घराण्यातील अनेकांच्या रंगीत, कोरीव संगमरवरी कबरी आहेत. त्यापलीकडे विद्वान, कवी, सरदार, व्यापारी आणि अनाम माणसे यांच्या कबरींची गर्दी आहे. ही गर्दी योगायोगाची नाही. अल-कामिलने आईला जिथे ठेवले, तिथेच आपल्यालाही जागा मिळावी असे शतकानुशतके लोकांना वाटत आले, त्यातून ही वस्ती घडली.

१९७९ मध्ये ऐतिहासिक कैरोचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाला. इजिप्तच्या कायद्यानुसार मात्र संरक्षण मिळते ते नोंदणी झालेल्या वास्तूला. मकबरा नोंदणीकृत आहे, होश अल-बाशा नोंदणीकृत आहे, परंतु एकोणिसाव्या-विसाव्या शतकातील शेकडो आवारे, त्यांतील सुलेखन असलेल्या शिळा, ओतीव लोखंडी दारे आणि लाकडी छते यांची नोंद नाही. २०२० मध्ये कैरोच्या उत्तरेकडील कबरस्तानातून रस्ता काढताना पाडकाम झाले. त्यानंतर दक्षिणेकडील, म्हणजे इमाम शाफिई आणि पैगंबरांच्या वंशातील संत सय्यदा नफीसा यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या भागांतही कबरींवर पाडण्याच्या खुणा उमटल्या. नोंदणीकृत वास्तूंना हात लावला जात नाही, असे सरकारी बाजूने वारंवार सांगितले गेले. हा खुलासा शब्दशः खरा मानला तरी त्यातून प्रश्न सुटत नाही, उलट तो नेमका दिसू लागतो. २०२३ च्या उन्हाळ्यात लेखक, वास्तुतज्ज्ञ आणि मृतांच्या वंशजांनी तीव्र विरोध केल्यावर जूनमध्ये राष्ट्राध्यक्षांनी या विषयावर समिती नेमली आणि नामवंतांचे अवशेष व मौल्यवान शिळा एका नव्या स्मृतिस्थळी हलवण्याचा विचार पुढे आला. दरम्यान तरुण स्वयंसेवक ढिगाऱ्यांतून फिरून जुन्या शिळा शोधत होते, त्यांची छायाचित्रे काढत होते आणि त्या अधिकाऱ्यांच्या स्वाधीन करत होते. त्यांत कूफी लिपीतल्या, अनेक शतके जुन्या शिळाही निघाल्या.

शहराला रस्ते हवेत, हे मान्य आहे. दोन कोटींच्या आसपास लोकसंख्या असलेल्या महानगराच्या वाहतुकीचा प्रश्न कोणी हलका लेखू नये. परंतु नामवंतांच्या शिळा उचलून दुसरीकडे मांडणे म्हणजे जतन, ही कल्पना मला मान्य नाही. करफाची किंमत त्यातील निवडक शिळांच्या बेरजेत नाही, तर कोण कोणाच्या शेजारी आणि का विसावले आहे, या मांडणीत आहे. ती मांडणी एकदा मोडली की शिळा कितीही चांगल्या ठेवल्या तरी तिचे वाचन करता येत नाही. शिवाय सरसकट पाडकामाचे तांत्रिक परिणाम मकबऱ्यालाही भोगावे लागतात. जड वाहनांची कंपने, बदललेला पाण्याचा निचरा, पायाजवळचे खोदकाम आणि राखण करणाऱ्या कुटुंबांचे स्थलांतर या चारही गोष्टी पाच वर्षांच्या मेहनतीवर पाणी फिरवू शकतात. शिशाचा सांधा उघडला आहे किंवा कोपऱ्यात ओल दिसते आहे हे आधी कळते ते रोज तिथे वावरणाऱ्या माणसाला, वर्षाकाठी येणाऱ्या तज्ज्ञाला नव्हे.

या प्रकरणात पुढे करायची कामे त्यामुळे घुमटाच्या बाहेर आहेत. होशांची आवारनिहाय नोंद, नकाशा आणि शिळांचे वाचन पाडकामाच्या आदेशाआधी व्हावे, नंतर नव्हे. नोंदणीचे एकक एक वास्तू न ठेवता वास्तुसमूह ठेवावे, जेणेकरून शाफिई, होश अल-बाशा आणि त्यांच्यामधली साधी आवारे एकाच संरक्षणाखाली येतील. मकबऱ्याभोवती ज्या अंतरात अवजड वाहतूक आणि खोल खोदकाम चालणार नाही, ते अंतर भूजलाच्या आणि कंपनांच्या मोजणीवरून ठरवून अधिसूचित करावे. राखण करणाऱ्या कुटुंबांना अतिक्रमक न समजता देखभालीच्या कामात वेतनावर घ्यावे. ‘अथर लीना’ने खलीफा भागात भूजलाचा अभ्यास करण्यापासून तिथल्या मुलांना आणि स्त्रियांना कामात सामावून घेण्यापर्यंत जे प्रयोग केले आहेत, ते पाहता यातले काहीही अशक्य कोटीतले नाही. २०२३ च्या समितीसमोर या गोष्टी मांडण्याइतकी माहिती कैरोतील अभ्यासकांकडे तयार होती आणि करफाचा जो भाग अजून उभा आहे त्याच्यासाठी ती आजही तितकीच उपयोगी आहे.